उजेड टाकून देण्याचे शास्त्र

हौशी खगोलनिरीक्षकांची जमात स्वभावतः निशाचर असून उजेडाशी तिचे वैर पिढीजात आहे. रस्त्यावरचा दिवा, शेजारच्या गच्चीवरचा बल्ब, पौर्णिमेचा चंद्र, इतकेच काय पण सोबत्याने वेळ पाहण्यासाठी उघडलेला मोबाइल, या सर्वांवर ती सारख्याच त्वेषाने खेकसते, आणि एखाद्या अंधुक तेजोमेघाकडून निघालेले चार प्रकाशकण पदरात पडावेत म्हणून शहरापासून शंभर किलोमीटर दूर जाऊन रात्रभर डासांना रक्तदान करते. याच जमातीची एक पोटजात मात्र दिवसाढवळ्या काम करते, आणि तिची अडचण नेमकी उलटी आहे. सूर्याचे छायाचित्र घेऊ पाहणाऱ्या हौशी माणसाला प्रकाश मिळवायचा नसतो, तो घालवायचा असतो. त्याचे कौशल्य, त्याची शिल्लक आणि घरातली त्याची पत ही तिन्ही खगोलशास्त्रातील या एकमेव बेसुमार मुबलक वस्तूची विल्हेवाट लावण्यात खर्ची पडतात.

या विल्हेवाटीचे पहिले साधन म्हणजे दुर्बिणीच्या तोंडावर, अर्थात वस्तुभिंगाच्या पुढे, बसवलेला धातूचा मुलामा दिलेला पातळ पडदा, ज्याला व्यवहारात फिल्टर म्हणतात. डोळ्याने पाहण्यासाठीचा फिल्टर प्रकाशाच्या एक लाख भागांपैकी एकच भाग आत घेतो आणि उरलेल्या ९९,९९९ भागांना दारातूनच परत पाठवतो. केवळ कॅमेऱ्यासाठी बनवलेला फिल्टर जरा उदार असतो, साधारण ६,३०० भागांमागे एक आत सोडतो, आणि या उदारपणामुळेच त्यातून डोळ्याने पाहण्यास सक्त मनाई असते. आता दुर्बिणीच्या जाहिरातीत सगळे गुणगान असते ते तिच्या भिंगाचा व्यास किती आणि ते प्रकाश किती गोळा करते याचे. ग्राहक या गोळा करण्याच्या शक्तीचे पैसे मोजतो, मग गोळा होऊ शकणारा प्रकाश आत येऊ नये म्हणून वेगळे पैसे मोजतो, आणि हा सगळा व्यवहार पाण्याचा टँकर मागवून तो फाटकाबाहेरच रिकामा करवून घेणाऱ्या आणि वर दोन तांबे पाणी मिळाले म्हणून समाधान मानणाऱ्या गृहस्थासारखा होतो.

फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्याच तोंडाला का लावायचा, या प्रश्नाचे उत्तर मात्र थट्टेने देण्यासारखे नाही. डोळ्याच्या आतल्या पडद्याला वेदना जाणवत नाही, त्यामुळे तो भाजला तरी पाहणाऱ्याला त्या क्षणी काहीच कळत नाही. आणि पूर्वी स्वस्त दुर्बिणींसोबत येणारे, नेत्रिकेत, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, फिरवून बसवण्याचे काळे काचतुकडे नेमके किरण एकवटतात तिथेच असल्याने तापून तडकत असत. काजळी धरलेली काच, जुनी एक्स-रे फिल्म आणि गॉगल ही ग्रहणकाळी बाहेर निघणारी पारंपरिक त्रयी याच कारणाने कायमची निवृत्त करण्याजोगी आहे. राहता राहिली मुख्य दुर्बिणीच्या पाठीवर बसवलेली छोटी शोधक दुर्बीण. तिचे तोंड झाकायला विसरलेल्या निरीक्षकाला त्या विसराची आठवण सदऱ्यातून येणाऱ्या धुरामुळे होते, आणि या छंदातील ज्येष्ठ व्यक्ती ओळखण्याची एक खूण म्हणजे तिच्या जुन्या सदऱ्याच्या खांद्यावरचे मसुराच्या दाण्याएवढे भोक.

शोधक दुर्बीण झाकली की सूर्य शोधायचा कसा, हा पुढचा प्रश्न उभा राहतो, आणि या शास्त्राचे वैशिष्ट्य असे की तो खरोखरच उभा राहतो. फिल्टर लावलेल्या दुर्बिणीतून सूर्याखेरीज काहीही दिसत नाही, म्हणजे सूर्य सापडेपर्यंत सर्वत्र गडद काळोख असतो, आणि आकाशातील सर्वांत ठळक वस्तू न सापडल्याने हवालदिल झालेला सुशिक्षित प्रौढ इसम भर दुपारी गच्चीवर पाहावयास मिळतो. उपाय सोपा असला तरी मानहानिकारक आहे: आकाशाकडे पाठ करून जमिनीवर पडलेली दुर्बिणीच्या नळीची सावली पाहावी, नळी हलवत ती सावली आखूड करत न्यावी, आणि ती लहानात लहान वर्तुळाएवढी झाली की नळीचा रोख सूर्याकडे आहे असे समजावे. सूर्याचा पत्ता अशा रीतीने सावलीला विचारावा लागतो.

कॅमेरा लॅपटॉपला जोडलेला असतो आणि भर उन्हात लॅपटॉपच्या पडद्यावर फक्त पाहणाऱ्याचा स्वतःचा घामेजलेला चेहरा दिसतो. म्हणून फ्रिजचे रिकामे खोके आडवे करून त्यात लॅपटॉप ठेवला जातो, खोक्यावर गोधडी पांघरली जाते आणि निरीक्षक त्या गोधडीत कमरेपर्यंत शिरतो. एप्रिल महिन्यात सूर्याचा अभ्यास करणारा मनुष्य अशा प्रकारे काळोखात, वाफारा घेतल्यासारखा बसलेला असतो, आणि बाहेर उरलेल्या त्याच्या अर्ध्या देहावरून शेजारपाजारी जे तर्क बांधले जातात त्यांची नोंद कोणत्याही निरीक्षणवहीत केली जात नाही.

या पोटजातीची वंशावळ तिच्या वर्तनाच्या मानाने बरीच प्रतिष्ठित आहे. सूर्याचे पहिले यशस्वी छायाचित्र फिझो आणि फूको या फ्रेंच शास्त्रज्ञांनी २ एप्रिल १८४५ रोजी चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर घेतले. त्या काळी माणसाच्या छायाचित्रासाठी त्याला बराच वेळ मान ताठ धरून बसावे लागे, परंतु सूर्याला सेकंदाचा साठावा भागही पुरला. हाइनरिख श्वाबे हा जर्मनीतील डेसाऊ गावचा औषधविक्रेता तर हौशी लोकांचा मूळपुरुष शोभावा असा होता. बुधापेक्षाही सूर्याजवळ एखादा ग्रह असावा आणि तो सूर्यबिंबावरून जाताना काळ्या ठिपक्यासारखा दिसावा या आशेने त्याने १८२६ पासून रोज सूर्य पाहायला सुरुवात केली, आणि ठिपक्यांच्या गर्दीत आपला ग्रह चुकू नये म्हणून सूर्यावरच्या डागांचीही नोंद ठेवली. पुढे छंदासाठी दुकानही विकले. ग्रह अस्तित्वातच नसल्याने तो सापडला नाही, पण टाकून देण्यासाठी मोजलेल्या डागांची संख्या सुमारे दहा वर्षांच्या चक्राने वाढते आणि घटते हे त्याच्या ध्यानात आले. हे चक्र आज सुमारे अकरा वर्षांचे मानले जाते आणि त्याच्या शोधाबद्दल श्वाबेला १८५७ मध्ये इंग्लंडच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले.

श्वाबेपेक्षाही अधिक जवळचा वाटावा असा पूर्वज म्हणजे रिचर्ड कॅरिंग्टन. बिअर बनवण्याच्या पिढीजात व्यवसायातून आलेला हा इंग्रज स्वतःच्या वेधशाळेत पडद्यावर सूर्यबिंब पाडून डागांची चित्रे काढत असताना, १ सप्टेंबर १८५९ रोजी सकाळी, एका मोठ्या डागसमूहावर त्याला दोन लखलखीत पांढरे ठिपके उमटलेले दिसले. सूर्यपृष्ठावर होणाऱ्या अशा अचानक स्फोटाची मानवाने केलेली ही पहिली नोंद होय. कॅरिंग्टनने त्या क्षणी जे केले ते मात्र प्रत्येक हौशी निरीक्षक आजही करतो: तो कुणालातरी दाखवण्यासाठी बोलवायला धावला. एका मिनिटाच्या आत तो परत आला तेव्हा ठिपके बरेचसे विझले होते, आणि याची खंत त्याने आपल्या वृत्तांतात प्रांजळपणे नोंदवून ठेवली आहे. सुदैवाने रिचर्ड हॉजसन नावाच्या दुसऱ्या इंग्रज निरीक्षकानेही तोच प्रकार स्वतंत्रपणे पाहिला होता. शिवाय साडेसतरा तासांनी पृथ्वीवर मोठे चुंबकीय वादळ होऊन तारायंत्रे बिघडली, म्हणजे साक्ष देण्यास खुद्द सूर्यच उभा राहिला. एरवी जिन्यातून हाक मारल्यावर खालून माणूस येईपर्यंत, तेही कणकेचे हात धुऊन, सूर्यावर काहीही टिकून राहत नाही, आणि टिकलेच तर ढग येतो.

हाकेचा हा बेभरवसा ध्यानी घेऊनच छायाचित्रणाचा आश्रय घ्यावा लागतो, आणि येथून टाकून देण्याच्या शास्त्राचा दुसरा, अधिक निर्दय खंड सुरू होतो. पृथ्वीचे वातावरण तापले की सळसळते, डांबरी रस्त्यावर उन्हाळ्यात दिसणाऱ्या झळेसारखे, आणि त्यातून पाहिलेले सूर्यबिंब पाण्याच्या तळाशी ठेवलेल्या ताटलीप्रमाणे हिंदकळत राहते. मात्र मधूनच, सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरती, हवा स्थिर होते. तो क्षण केव्हा येईल हे सांगता येत नसल्याने निरीक्षक एकच छायाचित्र न घेता मिनिटभराची चित्रफीत घेतो, तीत तीन-चार हजार फ्रेम, म्हणजे सुटी चित्रे, असतात, आणि मग ऑटोस्टॅकर्टसारखी संगणकप्रणाली त्या सर्वांची गुणवत्ता यादी लावून वरची पाच-दहा टक्के उत्तीर्ण ठरवते, उरलेली नापास करून टाकते आणि उत्तीर्णांची सरासरी काढून एक सुस्पष्ट चित्र तयार करते. एक लाखातला एक भाग प्रकाश, त्यातून उमटलेल्या दहा फ्रेमपैकी एक फ्रेम, असा हा हिशेब असून, स्पर्धा परीक्षांच्या महाराष्ट्रात तो कुणाला फारसा चमत्कारिक वाटू नये.

एवढ्या गाळणीतून उरलेल्या चित्रावर पुष्कळदा एक नवा, अद्याप कुणाच्याही नोंदीत नसलेला डाग आढळतो. खरा सौरडाग म्हणजे सूर्याच्या पृष्ठाचा, दीप्तिगोलाचा, तीव्र चुंबकीय क्षेत्रामुळे थंडावलेला भाग. थंड याचा अर्थ आसमंत साडेपाच हजार अंश सेल्सियस असताना तो चार हजारांच्या आत आलेला असतो, आणि केवळ या तुलनेने तो काळा दिसतो. सूर्य स्वतःभोवती फिरत असल्याने असा डाग रोज थोडा पश्चिमेकडे सरकतो व साधारण दोन आठवड्यांत कडेआड जातो. नवा डाग मात्र सोमवारी, मंगळवारी आणि बुधवारी एकाच जागी असतो, कॅमेरा फिरवला की त्याच्याबरोबर फिरतो, आणि रबरी फुगा दाबून हवेचा झोत मारला की नाहीसा होतो. कॅमेऱ्याच्या संवेदकावरील धूळ असे त्याचे शास्त्रीय नाव असून हौशी सौरनिरीक्षणाच्या इतिहासात सर्वाधिक वेळा शोध लागलेली वस्तू तीच असावी.

ज्यांची टाकून देण्याची हौस एवढ्याने भागत नाही ते हायड्रोजन-अल्फा दुर्बिणीकडे वळतात. तप्त हायड्रोजन वायू ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश देतो. ही दुर्बीण सप्तरंगांपैकी तेवढीच बारीक फीत, नॅनोमीटरच्या दहाव्या भागाहूनही अरुंद, ठेवते आणि बाकी सारे रंग काढून टाकते, त्यामुळे दीप्तिगोलावरचा वर्णगोल नावाचा पातळ थर आणि कडेवर उठणाऱ्या वायूच्या कमानी, म्हणजेच सौरज्वाला, दिसू लागतात. अशा लहानातल्या लहान दुर्बिणीची किंमत एखाद्या नव्या दुचाकीएवढी असते, आणि दुचाकीवर निदान मागे कुणाला बसवता येते, हा युक्तिवाद घराघरांत स्वतंत्रपणे शोधला गेलेला आहे. गंमत अशी की कॅमेरा कृष्णधवल असल्याने या दुर्बिणीतूनही हाती येते ते करडे चित्र. रंग नंतर संगणकावर चढवला जातो. पृथ्वीबाहेरून पाहिल्यास सूर्य पांढरा दिसतो, या फितीत तो तांबडा असतो, आणि चित्र करडे येते. या तिन्ही सत्यांना बाजूला सारून त्याला नारिंगी करण्यात येते, कारण करड्या सूर्याला घरच्या व्हॉट्सॲप गटात कुणी सूर्य म्हणून ओळखत नाही. नारिंगी केल्यावर ओळखतात, म्हणजे संत्रे म्हणून ओळखतात, पण निदान प्रतिसाद येतो.

सूर्याला खाद्यपदार्थाची उपमा देण्याचा मोह मात्र केवळ घरगुती मानू नये. दीप्तिगोल बारकाईने पाहिला असता तो दाणेदार दिसतो. खालून उसळून वर येणाऱ्या तप्त वायूचे हे बुडबुडे सुमारे हजार किलोमीटर रुंद असून प्रत्येक दाणा साधारण आठ-दहा मिनिटे टिकतो. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात जेम्स नॅस्मिथ या स्कॉटिश अभियंत्याने हे दाणे वाळुंजाच्या पानांसारखे लांबट असल्याचे जाहीर केले, दुसऱ्यांना ते तांदळाच्या दाण्यांसारखे भासले, तिसऱ्यांना त्यात पेंढ्याचे शाकारलेले छप्पर दिसले, आणि या मुद्द्यावर विद्वानांत चांगलेच वाजले. तांदूळवाल्यांची सरशी झाली असे म्हणता येते, कारण आजही दाणे हाच शब्द टिकून आहे. कोलम की इंद्रायणी, एवढे विचारणे तेवढे राहून गेले.

ग्रहणाच्या दिवशी या पोटजातीला अचानक प्रतिष्ठा प्राप्त होते, आणि या बाबतीत महाराष्ट्राचा वाटा उपेक्षणीय नाही. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर या गावी अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा विल्यम कॅम्बेल चाळीस फूट, म्हणजे बारा मीटर, लांबीचा कॅमेरा घेऊन उतरला होता, आणि पुण्याच्या सायन्स कॉलेजातील महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला हेही आपली उपकरणे मांडून तिथेच होते. जेऊरकरांच्या दृष्टीने हे सर्व जुळवून आणण्यास लागलेले आठवडे आणि खग्रास स्थितीची जेमतेम दोन मिनिटे यांचे प्रमाण एखाद्या लग्नाला शोभेल असे होते. त्याच ग्रहणासाठी इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर विजयदुर्गास आला. किल्ल्यावरील साहेबाचे कट्टे दाखवून हेलियमचा शोध येथेच लागला असे पर्यटकांना आजही अभिमानाने सांगितले जाते, पण ती हकिगत १८६८ ची असून त्या वर्षी लॉकियर इंग्लंडमध्येच होता. विजयदुर्ग १८६८ च्या ग्रहणाच्या पट्ट्यात होता हे खरे, साहेब किल्ल्यावर आला हेही खरे. मध्ये फक्त तीस वर्षांचे अंतर आहे, आणि एवढे अंतर कोकणी आतिथ्यात सहज सामावते.

ग्रहण रोज नसते आणि पावसाळा चार महिने असतो, त्यामुळे या छंदाचा खरा हंगाम महाराष्ट्रात फेब्रुवारी ते मे असा ठरतो. दिवसातही सूर्योदयानंतरचे पहिले दोन-तीन तास उत्तम, कारण त्यानंतर सिमेंटची गच्ची तापून तिच्यावरची हवा उकळू लागते. जमिनीची ही झळ टाळण्यासाठी उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागर तलावातील बेटावर उभारली आहे; हौशी माणसाला तलाव परवडत नसल्याने तो गच्चीवर ओली गोणपाटे अंथरतो. अडचण एवढीच की फेब्रुवारी ते मे, सकाळी, निरभ्र आकाश आणि रिकामी गच्ची या चारही अटी जिला तंतोतंत लागू पडतात अशी दुसरी एक विद्याशाखा महाराष्ट्रात कैक पटीने जुनी, अधिक संघटित आणि निर्विवाद उपयुक्त आहे, आणि ती म्हणजे वाळवण.

सूर्यप्रकाशाबाबत या दोन शाखांचे तत्त्वज्ञान परस्परविरोधी आहे. एक शाखा एक लाखातले ९९,९९९ भाग ऊन फेकून देते, तर दुसरी कवडशाच्या तुकड्यालाही पापड जोडून ठेवते आणि दुपारी कवडसा सरकला की पापडही सरकवते. उन्हाचे मोजमाप करण्याची दुसऱ्या शाखेची पद्धतही अधिक भरवशाची आहे, कारण कुरडई पालथी घालण्याजोगी झाली की नाही यावरून काढलेला निष्कर्ष आजवर कोणत्याही संगणकप्रणालीला खोडून काढता आलेला नाही. संघर्ष उद्भवतो तो जागेवरून. दुर्बिणीची तिवई पृथ्वीच्या अक्षाशी जुळवून ठेवल्यास सूर्य आपोआप चौकटीत राहतो. ही जुळवणी ध्रुवताऱ्याकडे पाहून करावी लागते आणि ध्रुव दिवसा दिसत नाही, म्हणून निरीक्षकाने एखाद्या थंडीच्या रात्री गच्चीवर तिवईच्या तीन पायांच्या जागी ऑइलपेंटने तीन वर्तुळे काढून ठेवलेली असतात. एप्रिलच्या सकाळी त्या तिन्ही वर्तुळांवर जुनी नऊवारी अंथरलेली असते आणि नऊवारीवर सांडगी मिरच्या.

तडजोडीअंती तिवई कोपऱ्यात हलते. जुळवणी मोडते, आणि आकाशात स्वतःच्या व्यासाएवढे अंतर सूर्य दोन मिनिटांत कापत असल्याने दर दोन मिनिटांनी त्याला हाताने चौकटीत परत आणावे लागते. त्यातही नळीची सावली, जिच्यावाचून सूर्य सापडत नाही, नेमकी कुरडयांवर पडते आणि तिच्याबद्दल तक्रार येते. गोधडीतून अर्धा बाहेर राहिलेला मनुष्य एवीतेवी बसलेलाच आहे असे पाहून त्याच्या हाती काठी देण्यात येते आणि कावळे हाकण्याचे काम त्याच्याकडे सोपवले जाते. ते तो करतो, कारण डावा हात मोकळाच असतो. संध्याकाळी चित्रफीत संगणकात घातल्यावर तीन हजार फ्रेमपैकी चार फ्रेममध्ये, ऐन मोठ्या डागसमूहावर, कावळ्याचा पसरलेला पंख आढळतो, आणि प्रणाली त्या चारही फ्रेम अस्पष्ट ठरवून टाकून देते.